पांढरी तार

११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र शाबूत आहे. "त्याला तूच लिही, मी काही लिहिणार नाही," असं रोज बजावते.

बाबांना जाऊन आठ महिने झाले. त्यांची रेडिओची खोली आवरते आहे. टेबलावरचा मायक्रोफोन तुला आठवत असेल: जड लोखंडी बूड, पुढे बोलताना दाबायची आणि ऐकताना सोडायची पट्टी. नावाची पाटी केव्हाच पडली. मला तो माझ्या सेटला जोडायचा होता, म्हणून आधी ओळख पटवली. तळाच्या कापडाखाली चार स्क्रू, आत ठोकलेला आकडा. त्यावरून जुन्या कॅटलॉगमध्ये आकृती सापडली. असल्या मायक्रोफोनमधला स्फटिक दमट हवेत खराब होतो. हा टिकला आहे.

फक्त तार चुकली होती. यात आवाज पांढऱ्या तारेतून जातो. कोणीतरी लाल जोडून पांढरी कापून टाकली होती. पट्टी दाबली की सेटचा दिवा लागायचा, नुसती लहर जायची, म्हणजे ऐकणाऱ्याकडची खरखर थांबायची, पण आवाज जायचा नाही.

बाकीच्यांशी बाबा मोर्सच्या टिकटिकीनेच बोलायचे. मायक्रोफोन फक्त तुझ्यासाठी, संध्याकाळी सात वाजता.

बाबांशी भांडून घर सोडल्यावर दोन वर्षांनी तू मला लिहिलं होतंस, "सातला खरखर थांबते. म्हातारा पट्टी दाबून मिनिटभर गप्प बसतो. एवढा राग? मी आता रेडिओ लावत नाही."

ते गप्प नव्हते. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "जेवलास का? खोकला गेला का? चूक माझी होती, बाळा. ओव्हर." मग पट्टी सोडून तुझ्या उत्तराची वाट बघायचे. बाहेर येऊन आईला म्हणायचे, "हट्टी आहे. माझ्यावर गेलाय."

कोणीतरी म्हणजे मी. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा म्हणाले, "इंजिनियरबाई, मायक्रोफोनची तार तुटली आहे, बघता का?" कॉलेजात आवाजाची तार लाल असायची. दिवा लागला, मी म्हटलं, "झालं." बोलून पाहिलं नाही.

तुझं पत्र आलं तेव्हाही मायक्रोफोन उघडला नाही. आत काय सापडेल, याचा अंदाज होता. सहा वर्षं होता.

परवा पांढरी तार जोडली. दुसरा सेट माझ्या खोलीत ठेवून बाबांच्या खुर्चीतून बोलून पाहिलं. भिंतीपलीकडून आवाज माझा आला, शब्द त्यांचे.

रविवारी सात वाजता, जुन्याच फ्रिक्वेन्सीवर. खरखर थांबली तर रेडिओ बंद करू नकोस. त्यांचं सगळं सांगेन, आणि पट्टी सोडेन.

पट्टी सोडून ऐकत बसलेली,
तुझी धाकटी