तळाचं वरण

शनि., १७ जाने.
देवपुरात जुन्या शेजारणीकडे हळदीकुंकू. सतरंजीवर बसले ती उठताच येईना. शेवटी तिच्या खांद्याचा आधार घेतला. सगळ्या शाली पांघरून आणि मी घामाने निथळतेय. पाळी जाऊन दीड वर्ष झालं, घाम काही जात नाही. बायका हसल्या. मीही हसले. रिक्षात रडू आलं. बावन्न हे काय वय झालं?

मंगळ., २०
आहारतज्ज्ञ बाई. बाई कसली, आमच्या लेकीपेक्षा, मनूपेक्षा लहान. काल काय खाल्लं विचारलं. सकाळी पोहे, शाळेच्या डब्यात पोळ्या-बटाटा, रात्री भाकरी, भात, वरणाचं पाणी.
पाणी का? म्हणाली.
सांगितलं तिला. आधी सासरे, म्हणजे आबा, आणि हे जेवतात. डाव तळातून फिरतो. माझी वेळ येईपर्यंत वरण राहतं कुठे, गरम पाणी घालून वाढवायचं. मग चव यावी म्हणून चटणी आणि वरून कच्चं तेल.
पोरीने हिशेब मांडला. पिष्ट भरपूर, तेल भरपूर, प्रथिनं नावाला. या वयात हाडंही झिजतात, स्नायूही. दर जेवणात डाळ, उसळ, दही, काहीतरी हवंच. भाकरी सोडायची नाही, दोनाची एक करायची. तेलाऐवजी मूठभर शेंगदाणे, तीळ. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तीस वर्षं मीच आड कोरडा ठेवलाय. ठेवलाय की ठेवायला लावलाय?

बुध., २१
उडदाची डाळ, घोटून. तिन्ही ताटं एकदम वाढली. माझ्यात एक भाकरी, कांद्याची पात आणि तळातली घट्ट डाळ, वाटी भरून. बसले.
आबांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठले. भूक नाही म्हणे.
डाळ छान झाली होती. पूर्ण संपवली.

गुरु., २२
आबा आजही जेवायला आले नाहीत. यांनी खोलीत दूध-भाकरी नेऊन दिली. नंतर मला तोडगा: "तू आधीच एक वाटी काढून ठेव. ओट्याशी उभ्याने खाऊन घे. कोणाला कळणार?"
रांधणारी मी आणि चोरही मीच? ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमणार नाही, म्हटलं. हे उठून टीव्ही लावायला गेले. माणूस वाईट नाही. पण गप्प.

शनि., २४
चाळीसगावहून नणंदेचा फोन. आबांचं वय बघा, वडीलधारी आधी जेवली तर काय बिघडलं, वगैरे. मी म्हटलं, नंतर जेवा कुठे म्हणतेय, सोबत जेवा म्हणतेय. मग विचारलं, ताई, तुमच्या ताटात वरण येतं ते कितपत घट्ट असतं?  मग म्हणाली, कुकर लावायचाय, ठेवते.
दिवसभर हसू येत होतं. रागही.

रवि., २५
मटकी निवडत होते. आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. "तुनी सासू कधी आमनासंगे जेवाले बसनी नही."
आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. सासूबाई शेवटी अंथरुणातच होत्या. आधी खुबा मोडला, मग कंबर.
"म्हणूनच त्यांना मी उचलून न्हाणीत न्यायचे, आबा. मला कोण उचलणार?"
 आबा काठी टेकत खोलीत गेले.  बोलायला नको होतं असं वाटलं. नाही, खोटं कशाला लिहू, तसं नाही वाटलं.

सोम., २६
शाळेत झेंडावंदन. जिलबी एक खाल्ली. माझी मर्जी.
रात्री तुरीचं वरण, मटकीची उसळ. ताटं तीन. आबा आले. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून बसले. मी वरण तळापासून ढवळलं आणि तिघांना सारखं वाढलं. बसले.
आबांचा हात ताटावर थांबला. हे माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे मी उठावं. घाम फुटला, नेहमीचा की भीतीचा कोण जाणे. आबा घास घेतात की ताट सारतात, बघत बसले नाही. भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि जेवायला लागले.