चौथ्या खुणेचे पाणी

सात रस्ता, सोलापूर
४ नोव्हेंबर

१. ११ सप्टेंबरला स्पीतीत, ४२०० मीटरवर, खडकाळ उतारावरच्या झऱ्याकाठी पाच खुणा रोवल्या.
२. १४ तारखेला पाचही खुणांपाशी पाणी घेतले.
३. चार बाटल्यांत नत्र जवळपास नाही. चौथीत चौदा पट आहे.
४. कारण कळलेले नाही.

तीर्थरूप श्रीशैलकाकांना भुवनेश्वरीचे शरणू शरणार्थी. तुमची साखर आटोक्यात असेल, महानंदाकाकूंचा गुडघा कुरकुरत नसेल आणि मोहोळच्या दुकानात पाइपांना गिऱ्हाईक असेल, असे धरून चालते. मी ठीक आहे. (नाडी मिनिटाला १०४. दोनदा मोजली.) फोन केला नाही, कारण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि हा विषय गिऱ्हाइकांसमोर काढण्यासारखा नाही.

"घरचं माणूस बरोबर असेल तर जा," या आप्पांच्या अटीमुळे तुम्ही दुकान सोडून माझ्याबरोबर आलात, ते उपकार मी विसरलेले नाही. विरळ हवा बाधू नये म्हणून तासाला दोन पेले पाणी प्यायचे, हा नियम मीच घातला. तुम्ही तो पाळलात, वर रक्तदाबाची ती गोळीही घेत होता (तिचा गुण तुम्हांला ठाऊक आहे). १३ तारखेला दुपारी तुम्ही उतारभर नजर फिरवून म्हणालात, "पोरी, हितं झाड न्हाय, झुडूप न्हाय. माणसानं आडोसा घ्यायचा तरी कुटं?" मी वहीत तापमान लिहीत होते. मान वर केली तेव्हा तुम्ही दिसला नाहीत. चौथ्या खुणेच्या जरा वर एक मोठा दगड आहे. आडोशाजोगा त्या उतारावर तो एकच.

आकडे पाहून आमचे शिवयोगी सर खुर्चीतून उठलेच. उघड्या खडकावरचे सूक्ष्मजीव हवेतले नत्र धरून झऱ्याला एवढे देतात, हे आजवर कुणी दाखवलेले नाही म्हणे. त्यांनी परिषदेला गोषवारा पाठवला, विभागात पेढे वाटले (मी अर्धाच खाल्ला) आणि माझ्या प्रबंधाचे शीर्षक बदलून टाकले. तेव्हापासून मी मागच्या जिन्याने ये-जा करते. मेंढरांवर ढकलावे म्हटले, तर तिथे मेंढरे चढत नाहीत असे मीच अहवालात ठामपणे लिहून बसले आहे. आता सोमवारी, १० तारखेला, सर स्वतः राखून ठेवलेल्या बाटलीत युरिया तपासणार आहेत. खडकातून युरिया येत नाही. तो निघाला तर ते माणसाचे, आणि माझी चार वर्षे त्या बाटलीत गेली.

काकूंना नमस्कार. पत्र त्यांना दाखवू नये.

आपली,
भुवनेश्वरी

ता. क. १: विचारायचे ते एवढेच, की तुम्ही त्या दगडामागे गेला होता का? "व्हय" असेल तर तसे लिहा. चाचणीआधी मीच सरांना सांगेन, "सोबतच्या व्यक्तीकडून अनवधानाने." नाव, नाते, मोहोळ, काहीही येणार नाही.

ता. क. २: १३ तारखेला सकाळी त्या दगडामागे मी गेले होते. वहीत नोंद नाही. तेव्हा "न्हाय" लिहिण्यापूर्वी नीट आठवून पाहावे. उत्तर शनिवार, ८ तारखेपर्यंत पाठवावे.