नाक दाखवीन म्हणालो होतो

स्नेहलतागंज, इंदूर
१० फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तू बडोद्याला सुखरूप पोचल्याचं दाजींकडून कळलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि नाक चोंदल्यामुळे मला बोलता येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं.

मनोरमेला जाऊन आज तीन आठवडे झाले. घर आवरलेलं आहे. कस्तुरी दर रविवारी सिमरोलहून येते, आठवड्याची भाजी चिरून फ्रिजमध्ये ठेवते, आणि बाबा जेवता ना, असं चार वेळा विचारून जाते. मी जेवतो.

दहाव्याला घाटावर झालेली गोष्ट तू तिकडे सगळ्यांना सांगितलीस असं दाजी म्हणाले. सांगायचीच तर नीट सांग. कावळा पिंडाच्या अगदी जवळ आला होता. तेवढ्यात मला शिंक आली. एक नव्हे, सात. कावळा उडाला तो दीड तास कोणी फिरकेना. तिची काय इच्छा राहिली असेल ते आठवा, असं गुरुजी म्हणाले, तेव्हा तू तिच्या पाटल्या कस्तुरीला देण्याचं बोललीस, कस्तुरी तिच्या आजोबांच्या, आपल्या अण्णांच्या श्राद्धाचं बोलली. शेवटी मी पुढे झालो आणि म्हणालो, "नाक डॉक्टरला दाखवीन. वर्षश्राद्धाच्या आत." कावळा लगेच आला. तीस वर्षं ती एवढ्या एकाच गोष्टीसाठी माझ्या मागे लागली होती. यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही, पण गुरुजीसुद्धा हसले.

शब्द दिला आहे, तो पाळीन. आधी घरचे उपाय करून पाहतो. अनोळखी माणसासमोर नाक वर करून बसायचं, हे मला अजून जमण्यासारखं वाटत नाही.

लोभ आहेच. तो वाढवताना उपदेश तेवढा कमी करावा, ही विनंती.

तुझा,
नाना


बडोदा
२१ फेब्रुवारी २०२४

चि. नानास अ. उ. आ.

पत्र पोचलं. उपदेश कमी होणार नाही. कावळ्याला तू डॉक्टरचा शब्द दिलास, ओव्याचा नाही. पोलोग्राउंडच्या कारखान्यात पस्तीस वर्षं तू मशीनं उघडून पाहिलीस, आणि स्वतःचं नाक कोणी पाहू नये म्हणतोस?

पण आता ऐकणार नाहीसच, तर नीट कर. रोज वाफ घे, डोक्यावर टॉवेल घेऊन. रात्री नाकात कोमट तुपाचे दोन थेंब. सकाळी नेती. पाणी उकळून कोमट केलेलं, त्यात चिमूटभर मीठ. एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून येतं. आमच्या सोसायटीतल्या अमिताबेन रोज करतात आणि वर गातात.

पुण्यतिथी पौष शुद्ध दशमीला, म्हणजे ९ जानेवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर पुढचा जानेवारी छापला आहे, त्यावर मी लाल गोल केला आहे. माझे गुडघे असेच राहिले तर मला येता येणार नाही, पण गोल कुठे जात नाही.

जप. मोठ्या बहिणीचं थोडं ऐकावं.

अक्का


इंदूर
१७ मार्च २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझे तिन्ही उपाय झाले.

तूप नाकातून घशात उतरलं आणि दिवसभर शिऱ्याची चव आली. नेतीचं भांडं घरात नव्हतं म्हणून चहाची किटली घेतली. तू चिमूट लिहिलं होतंस, पण कोणाची चिमूट ते लिहिलं नव्हतंस. माझा हात कारखान्याचा आहे. दुसऱ्या नाकपुडीतून काही आलं नाही, डोळ्यांतून मात्र पुष्कळ आलं.

वाफेचं जास्त वाईट झालं. परवा दुपारी मी टेबलावर पातेलं ठेवून टॉवेलखाली बसलो होतो. दार उघडंच होतं. भेटायला आलेल्या मनोरमेच्या भिशीतल्या बाया, चार जणी आणि एकीचे मिस्टर, आत आले. मी डोकं झाकून रडतोय असं त्यांना वाटलं, म्हणून सगळे न बोलता समोर बसून राहिले. नाक बंद असलं की कानही बंद असतात, मला काही कळलं नाही. वीस मिनिटांनी मी टॉवेल काढला. लाल चेहरा, वाहते डोळे, वाहतं नाक. ते पाहून त्या चौघी एकदम रडायला लागल्या. मिस्टरांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले की भाईसाब, रो लो, मन हलका होता है. आता अशा वेळी, ही ओव्याची वाफ आहे, असं कसं सांगायचं? मी बसून राहिलो. पातेलं हळूच खुर्चीखाली सरकवलं.

खरं तर मला अजून एकदाही रडू आलेलं नाही, अक्का. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दाजींना नमस्कार. आशीर्वाद असू दे, मीठ पुरे.

नाना


इंदूर
२ जून २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

दोन महिने पत्र नाही याचं कारण चांगलं आहे. नाक उघडलं.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या अंकुरने थेंबांची बाटली दिली. म्हणाला की नाना भिया, दो-दो बूंद डालो, दो मिनट में टनाटन. खरंच दोन मिनिटांत झालं. आता दर तीन तासांनी घालतो. एक बाटली खिशात, एक उशाशी, एक देवघरात. कस्तुरीला ते आवडलेलं नाही, पण ती आईसारखीच आहे, तिला माझ्या नाकाचं काहीच आवडत नाही.

थोडी अडचण अशी की आता थेंब घातल्याशिवाय नाक अजिबात उघडत नाही. पूर्वी निदान एक बाजू चालायची. पण एकंदरीत शब्द पूर्ण झाला असं मी धरतो. तो लाल गोल तू खोडलास तरी चालेल.

कृपा आहेच, ती राहू दे.

नाना


बडोदा
११ जून २०२४

चि. नानास अ. उ. आ.

गोल खोडलेला नाही. बाजूला आणखी एक काढला आहे.

अंकुर हा दुकानदार आहे. मनोरमेला तू डॉक्टर म्हणाला होतास, आणि ती आता तुला विचारायला येऊ शकत नाही म्हणून तू अंकुरवर भागवतोस. हे मला बरं वाटलं नाही. ती असती, तर असा शब्द दिल्यावर तिने तुला हाताला धरून नेलं असतं. तिला जमलं नाही ते वर्षभरात तू एकटा करशील, असं मी तिथे घाटावर खरंच मानलं होतं.

रागावले आहे. तरी माया कमी नाही.

अक्का


इंदूर
२३ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

गेलो. कस्तुरी बरोबर होती. डॉक्टर मधुरिमा म्हणून आहेत, वयाने कस्तुरीएवढ्याच. नाक वर करून बसलो. वाटलं होतं तेवढं वाईट नसतं.

खिशातली बाटली पाहून त्यांनी किती दिवस घालताय ते विचारलं. चार महिने, म्हणालो. हे थेंब चार दिवसांचे असतात, नंतर तेच नाक बंद करतात, असं त्यांनी सांगितलं. ते बंद करायला लावले. पुढचे दहा दिवस मी तोंडाने श्वास घेऊन काढले, त्याबद्दल लिहीत नाही. आता रोज एक फवारा आहे. मान खाली, नळीचं टोक बाहेरच्या बाजूला, आणि जोरात ओढायचं नाही. मिठाचं पाणीही त्यांनी दिलं, पण मोजून केलेल्या पुड्या दिल्या. माझे हात पाहिले असावेत.

मग हातावर टोचून ॲलर्जी पाहिली. बारीक बारीक नऊ टोचण्या. आठ गप्प राहिल्या. नववी धुळीतल्या किड्यांची, ती बत्ताशाएवढी फुगली. झोपता कशावर, असं त्यांनी विचारलं. मी आजोबांच्या लोडाचं सांगितलं, की होळकर दरबारातला आहे, मानेखाली घेतल्याशिवाय मला झोप येत नाही. कापूस कधी बदलला? मी म्हणालो की बदललेला नाही, तोच तर मान आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

लोड घराबाहेर गेल्याशिवाय फवारा काही करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. लोड तुझ्या परवानगीशिवाय हलणार नाही, म्हणून लिहितो.

आशीर्वाद असावा, निकालही लवकर यावा.

नाना


बडोदा
१ सप्टेंबर २०२४

चि. नानास अ. उ. आ.

डॉक्टरकडे गेलास, आनंद झाला. पण लोडाचं मनात आणू नकोस. दसऱ्याला घरातल्या वडीलधाऱ्याने त्याला टेकून सोनं घ्यायचं, हे आपल्याकडे तीन पिढ्या चाललेलं आहे. त्या लोडावर आजोबांचं डोकं टेकलं आहे. उन्हात घाल, जाड खोळ शिवून घे, हवं तर कपाटात ठेव. टाकायचा नाही. बाई शिकलेली असेल, पण तिला दरबार काय ठाऊक.

जप. अविचार करू नकोस.

अक्का


इंदूर
९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

खोळ शिवून झाली. उन्हातही दिला. काही उपयोग नाही, काल अकरा शिंका.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तो लोड काढा, असं मनोरमा मला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षापासून सांगत होती. तिला डॉक्टर लागला नाही, तिने नुसतं पाहून ओळखलं होतं. दर वेळी मी म्हणायचो की अक्काला चालणार नाही. तुला मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. तुझं नाव पुढे केलं की विषय मिटायचा, म्हणून करत गेलो. तेव्हा दोष तुझा नाही.

वर्षश्राद्धाला चार महिने आहेत. एवढं मला करू दे.

नाना


बडोदा
१९ सप्टेंबर २०२४

चि. नानास अ. उ. आ.

तू मला विचारलं नाहीस हे खरं. तिने विचारलं होतं. दोनदा, पत्राने. अक्का, यांना रात्रभर श्वास पुरत नाही, तुम्ही एकदा हो म्हणा, असं लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. सुनेने माहेरवाशिणीला विचारावं आणि माहेरवाशिणीने उत्तर देऊ नये, यात मला तेव्हा मोठेपणा वाटला.

काढ तो लोड. दसऱ्याची वाट पाहू नकोस. नाकाला फडकं बांध आणि तू उघडू नकोस, गादीवाल्याला बोलाव.

अक्का


इंदूर
३० सप्टेंबर २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

लोड उघडला. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

गादीवाल्याने रस्त्यावर टाका उसवला. वर दोन बोटं कापूस, बाकी सगळं गोणपाट आणि चिंध्या. गोणपाटावर इंदूरच्या एका सूतगिरणीचा शिक्का, सन १९५४. आजोबा अठ्ठेचाळीसला गेले. म्हणजे ज्या दरबाराला टेकून मी वीस दसरे सोनं घेतलं, तो गिरणीच्या गेटवर मिळत होता. गादीवाला म्हणाला की बाबूजी, ये तो बोरा है. मी त्याला हळू बोलायला सांगितलं.

कस्तुरी फूटपाथवर बसून हसत होती. मग मीही हसलो. तिच्या आईला जाऊन आठ महिने झाले आहेत आणि आम्ही दोघं भर रस्त्यात हसतोय, याचं थोडं अवघडल्यासारखं झालं, पण थांबता आलं नाही.

दसऱ्याला खुर्चीत बसेन.

नाना


इंदूर
१२ जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

वर्षश्राद्ध व्यवस्थित पार पडलं. तू नव्हतीस, सगळ्यांनी तुझी चौकशी केली. डिसेंबरात डॉक्टरांनी नाक पाहिलं आणि दोन्ही बाजू मोकळ्या आहेत असं कागदावर लिहून दिलं. शब्द मुदतीच्या आत पूर्ण झाला. आता दोन्ही गोल खोड.

नाक उघडलं की माणसाला बरंच काही कळतं. माझ्या तपकिरी स्वेटरबद्दल ती काय म्हणत होती ते कळलं, तो दिला. स्वयंपाकघरात गॅसचा वास येतो असं ती म्हणायची आणि मी भास आहे म्हणायचो. माणूस बोलावला, नळी बदलली. तिचं कपाट उघडून पाहिलं. मनात काहीतरी होतं, पण वास आला तो डांबराच्या गोळ्यांचा.

श्राद्धाचा स्वयंपाक कस्तुरीने केला, आईच्या पद्धतीने. पानात आमटी वाढली आणि वाफ वर आली. चिंच, गूळ, गोडा मसाला, खोबरं, सगळं वेगवेगळं कळत होतं आणि एकत्रही. चाळीस वर्षं मी रोज ही आमटी जेवलो आणि रोज तिला फिकी म्हणालो. ती पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याची बाटली पुढे सरकवायची, मी वरून भुरभुरवायचो, लोकांकडे गेलो तर सांगायचो की आमच्याकडे आमटीला चव कमी असते.

कस्तुरीने सवयीने ती बाटली पुढे केली. मी नको म्हणालो. तिला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली, म्हणून तिने पुन्हा पुढे केली. मग मी म्हणालो, "आमटीत काही कमी नाही."

त्यानंतर मला रडू आलं. सगळे जेवत होते. कोणीतरी म्हणालं की नानांचं नाक पुन्हा सुरू झालं, थंडी आहे, फवारा द्या. कस्तुरी उठली, पण तिने फवारा आणला नाही. माझ्या पानात आणखी एक वाटी आमटी वाढली, आणि मी ती नुसतीच प्यायलो.

दाजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्यांचं कळव, आणि ते डॉक्टरला दाखव.

तुझा,
नाना