मदिहाची आई चौथीत आहे

सांगली, एप्रिलचा शेवटचा आठवडा

प्रिय अंजे,

फोन करून भागलं असतं, पण फोनवर तू विषय बदलतेस. मी एक नाव घेतलं की तुझा कुकर शिट्ट्या द्यायला लागतो, नाहीतर दारात कुणीतरी येतं. शिरवळला तुमच्या दारात एवढी माणसं येतात तरी कुठून, देव जाणे. पत्रापुढे तुझा कुकर चालणार नाही. बस खाली आणि शेवटपर्यंत वाच.

आधी शाळेची खबर. ऊन मी म्हणतंय, वर्गातले पंखे फिरतात तेवढेच. बनुबाईंचा गुडघा होता तसाच आहे, घंटा द्यायला जिना चढताना त्या अजून प्रत्येक पायरीला संस्थेच्या एकेका संचालकाचा उद्धार करतात. आणि तू सुरू केलेला आयांचा तास चालू आहे. दर गुरुवारी दुपारी, पहिलीच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बायका बसतात. पोराला इंग्रजी शाळेत घातलं की संध्याकाळी पोर एका भाषेत आणि आई दुसऱ्या भाषेत बसते, म्हणून पोरांना जो धडा तोच आयांनाही, हे तुझं डोकं. डायरीतल्या सूचना मराठीतही लिहायच्या, हिंदी बोलणाऱ्या घरांना तोंडी समजावून सांगायच्या, हेही तुझंच. तेव्हा नानासो हसले होते. आता संस्थेत पाहुणे आले की अध्यक्ष या नात्याने तेच त्यांना गुरुवारी घेऊन येतात आणि 'आमचा उपक्रम' म्हणून दाखवतात. अजूनही पदर तोंडावर धरूनच बायका 'गुड आफ्टरनून' म्हणतात, आणि अजूनही कुणीतरी हसून हसून बाकावरून घसरतं. तू असतीस तर तुला बरं वाटलं असतं.

पण पंधरवड्यापूर्वी नानासोंनी मला बोलावलं आणि सांगितलं, जूनपासून जरिनाला तासाला बसवायचं नाही.

हो, जरिना. हुसेन गादीवाल्याची बायको, मदिहाची आई. ती अजून येते. तुला माहीत नाही, कारण तू बनुबाईंच्या गुडघ्यापासून फाटकातल्या कुत्रीपर्यंत सगळ्यांची चौकशी करतेस, फक्त हिची करत नाहीस. मी चिडून लिहीत नाहीये. म्हणजे थोडी चिडूनच लिहितेय. मदिहा तुझ्या वर्गात होती, पहिलीत, आणि दिवाळीच्या आधी मिरजेच्या दवाखान्यात तापाने गेली. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात अवधूतरावांना शिरवळच्या कंपनीत नोकरी लागली आणि तू सामान बांधलंस. नोकरी हे निमित्त होतं हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तिच्या बाकाकडे बघून तुला फळ्यावर लिहिता येत नव्हतं. मी त्यावर कधी बोलले नाही, आजही बोलणार नाही.

नानासोंचं म्हणणं सरळ आहे. तास शाळेतल्या मुलांच्या आयांसाठी, आणि हिचं मूल शाळेत नाही. वाईट माणूस नाही गं तो. मला म्हणाला, "मॅडम, मला काय काळीज न्हाई व्हय? पन ही शाळा हाय, दुखवट्याची बैठक न्हवं. आन चौथीच्या फुडं पुस्तक तरी कुठलं देनार तिला? आपली शाळाच चौथीपतूर."

चौथीचं पुस्तक का, ते सांगते. मदिहाचा चाळिसावा दिवस झाल्यावर एका गुरुवारी जरिना दारात उभी राहिली. बुरख्यावर नेहमीसारखी कापसाची तुसं. ती म्हणाली, "मॅडम, मी मागं बसते. कुनाला तरास न्हाई द्यायची." वाटलं, चार गुरुवार येईल, मन रमेल, मग आपोआप सुटेल. मदिहा गेल्यापासून तू तास माझ्यावर टाकून गुरुवारी दुपारी लवकर घरी जायचीस, म्हणून तू तिला पाहिलं नाहीस. वर्ष संपलं, जून आला, आणि जरिना दुसरीचं पुस्तक घेऊन आली. नवं, कव्हर घातलेलं. पुढच्या जूनला तिसरीचं, यंदा चौथीचं. मदिहा असती तर ज्या वर्गात असती, त्या वर्गाचं. घरचा अभ्यास करून आणते, डायरीत पालक म्हणून सही करते, सहामाहीच्या वेळी मागून पेपर नेते. बाकीच्या बायकांची पोरं बदलत गेली, नव्या आया आल्या, तिची जागा तीच. मागचं बाक, खिडकीकडचं.

आता पुढचं लिहिताना माझ्या अंगावर काटा येतोय, आणि बाहेर तर टळटळीत दुपार आहे. जरिना मराठी बोलते तेव्हा तिचा आवाज भरडा, बाईमाणसाचा असतो. हुसेनला फोनवर हिंदीत झापते तेव्हा शेजारच्या वर्गात ऐकू जातं. पण इंग्रजी वाचायला लागली की तो आवाज नाहीसा होतो आणि दुसराच येतो. बारीक, थोडा नाकातला, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जिन्यात होते. वरून "मे आय कम इन, टीचर?" असं आलं आणि माझ्या हातातला खडूचा डबा पायऱ्यांवरून खाली गेला. मदिहा 'टीचर' म्हणण्याआधी जरा अडखळायची आणि मग एकदम सोडून द्यायची, तुला आठवत असेल. अगदी तसंच. धावत वर गेले तर दारात बुरख्यातली बाई, आत यायची परवानगी मागत उभी.

भुताखेताचं काही नाही, एवढं मलाही कळतं. तिला इंग्रजी शिकवलं मदिहानेच. घरी संध्याकाळी पोरगी टीचर आणि आई विद्यार्थी, हा नियम तूच घालून दिला होतास. पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर बसून मदिहा एकेक शब्द म्हणायची आणि जरिना स्वयंपाक करता करता मागून म्हणायची. आठवड्यातला आपला एक तास सोडला तर ही भाषा तिने दुसऱ्या कुणाच्या तोंडून नीट ऐकलीच नव्हती, मग बोलणार कुणाच्या आवाजात? इथवर माझी समजूत पटते. पण अंजे, तो आवाज वाढला. दुसरीत त्यातला गाण्यासारखा सूर कमी झाला. तिसरीत तो घाईने वाचायला लागला, स्वल्पविराम खाऊन, त्या वयाच्या पोरी खातात तसे. यंदा तर ती वाक्याआधी "ॲक्च्युअली" म्हणते, मान तिरकी करून, जरा शिष्टपणे. मी विचारलं, हे कुठं शिकलात? तर म्हणाली, "मधल्या सुट्टीत फाटकाशी हुबी ऱ्हाते मॅडम. चौथीतल्या पोरी काय बोलत्यात ते ऐकते. आता तीबी असंच म्हनली असती, व्हय का न्हाई?" मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

खरं सांगू का, मला भीती वाटते आणि मी गुरुवारची वाटही बघते. फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना मागून तो आवाज आला की मी मुद्दाम वळत नाही. तेवढा वेळ वर्गात मदिहा असते, उंच झालेली, दोन वेण्या घातलेली. वळलं की नसते. घरी कुणाला हे सांगितलेलं नाही, वेडी म्हणतील.

सगळं बिनसलं ते राजवर्धनच्या आईमुळे. पोरगा यंदाच पहिलीत आलाय आणि ती तासाला नुकतीच यायला लागली होती, त्यामुळे तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. फेब्रुवारीत एकदा ती उशिरा आली आणि दाराबाहेर थांबून ऐकत राहिली. आत येऊन कौतुकाने विचारायला लागली, ही कुणाची पोर वाचत होती, किती गोड वाचती. बायकांनी नजरा पुस्तकात घातल्या. मग घरी जाताना तिला कुणीतरी सगळं सांगितलं असावं. पुढच्या गुरुवारी ती दाराजवळच्या बाकावर अंग चोरून बसली, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी थेट नानासोंकडे गेली. "साहेब, ती बाई मेलेल्या पोरीच्या आवाजात बोलती. आमाला लेकरं हायती," असं म्हणाली. मला तिचा संताप आला. पण दोष तरी कसा देऊ? जिन्यात डबा माझ्याही हातून पडला होता.

जरिनाला सांगण्याआधी हुसेनला गाठावं म्हणून मी पेठेत त्याच्या गादी कारखान्यात गेले. पिंजायचं मशीन चालू होतं, माणूस कापसाने पांढरा झालेला. मला बघून त्याने मशीन बंद केलं, चहा सांगितला आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच सुरुवात केली. म्हणाला, "रोज सांजच्याला वाचती ती आत. मी मशीन चालूच ठेवतो, कानावर पडू नये म्हनून. गिऱ्हाईक नसलं तरी चालू ठेवतो. आन एखाद्या सांजंला तिनं वाचलं न्हाई, तर मीच मशीन बंद करून वाट बगत बसतो. आता तुमीच सांगा मॅडम, तिला थांबवू का नगं?" मी चहा संपवला आणि उठले. नानासोंचा निरोप त्याला सांगायचा राहूनच गेला.

जरिनाला मात्र गेल्या गुरुवारी सांगितलं. सगळ्या गेल्यावर तिला थांबवून घेतलं. वाटलं होतं ती हात जोडेल, रडेल, आणि मग मी नानासोंशी भांडायला मोकळी होईन. भांडणाची माझी सगळी तयारी झाली होती, मला ओळखतेसच. ती शांतपणे पुस्तक पिशवीत घालत राहिली. "सरलंच की मॅडम पुस्तक," म्हणाली. "पाचवीला ती हितं कुठं असती? हायस्कूलला गेली असती. एवढी मोठी पोरगी, रोज आयशीसंगट थोडीच बोलत बसनार हुती." बनुबाई दारं लावायला आल्या आणि आम्हाला बघून परत गेल्या. मग जरिना म्हणाली की एकच गोष्ट राहिली आहे, तेवढी झाली की ती पुन्हा येणार नाही.

हे पत्र त्या एका गोष्टीसाठी आहे. त्या वर्षी पहिलीची पालकसभा दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवली होती. ती झाली, सगळे आईबाप तुझ्यासमोर बसून गेले, पण जरिनाला बोलावणं नव्हतं, आणि बोलावणार तरी कशाला? त्या सभेसाठी मदिहाने आईची तयारी करून घेतली होती. ओढणीची साडी करून ती तुझ्या जागी गादीवर बसायची, जरिना समोर. नमस्कार, नाव सांगणं, आणि मग एकच प्रश्न: "हाऊ इज माय डॉटर इन द क्लास?" पण प्रश्न आला की ही बया उत्तर द्यायची नाही. म्हणायची, ते अंजना टीचर सांगतील, माझं मी कसं सांगू? जरिनाला ते उत्तर हवं आहे. मी म्हटलं, मी देते. तर म्हणाली, "तुमी न्हाई मॅडम, तुमी दुसरीला शिकवत हुता. तिच्या टीचर पायजेत." मराठीत चालेल का, विचारलं. नाही. पोरीने इंग्रजीत शिकवलंय, इंग्रजीतच विचारायचं आहे. मग तिने तो प्रश्न मला म्हणून दाखवला, आणि अंजे, तो तिच्या स्वतःच्या आवाजात होता. भरडा, दमलेला, पस्तिशीतल्या बाईचा. इंग्रजी बोलताना मी तिचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. ते वाक्य पहिल्यापासून आईचंच होतं ना. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर पहिलीचा वर्ग उघडा राहील, नानासोंना मी सांगितलंय, त्यांची हरकत नाही. तू ये. टेबलाशी तुझ्या खुर्चीत बस, रडू आलं तर येऊ दे, पण तिने विचारलं की उत्तर दे. खोटं गोड काही सांगू नकोस. ती कुणाशेजारी बसायची, कशावर हसायची, कशात चुकायची, ते सांग. मी माझ्याकडून आठवून पाहिलं, हुसेनला विचारलं, बनुबाईंना विचारलं. आम्हा कुणालाच सांगता येत नाही. मदिहा वर्गात कशी होती, हे आता या जगात फक्त तुला माहीत आहे.

शनिवारी फाटकाशी उभी असलेली,
तुझीच,
मयूरी