कोंबडीचा हातमोजा

मंगळवार, १४ जानेवारी

माझी मुलाखत घेणार! माझी! मार्लीन ह्रिसाकची!

आज चर्चच्या तळघरात आमच्या गटाच्या बैठकीला विनिपेगच्या विद्यापीठातून एक मुलगी आली. कर्स्टन नाव. चोऱ्या, मारहाण, लुबाडणूक असं काही सोसलेली माणसं आमच्यासारखी एकत्र जमतात, त्याचा त्यांना काय उपयोग होतो यावर तिचं संशोधन आहे. "कुणाला मुलाखत द्यायला आवडेल?" एवढं तिनं विचारायची खोटी, माझा हात वर! लॉइड हसून हसून कॉफी सांडून बसला. "पोरी, जेवणाचा डबा घेऊन ये. ही बाई एकदा सुरू झाली की बर्फ वितळल्यावरच थांबते."

हसू दे म्हाताऱ्याला. त्याच्या घरात चोर शिरले तेव्हापासून तो खुर्ची दाराकडे तोंड करूनच ठेवतो. त्यावरून मी त्याला छळते.

आमच्याकडे ज्याला बोलायचंय त्यानं हातमोजा घालायचा. ओव्हनमधून ट्रे काढायचा जाडजूड मोजा, वर कोंबडीचं चित्र. गट चालवणाऱ्या बेथला पहिल्या दिवशी हातात धरायला दुसरं काही सापडलं नाही, म्हणून तिनं चर्चच्या स्वयंपाकघरातून तो उचलून आणला. मग तोच राहिला. बोलायचं नसेल तर पुढे द्यायचा. मी दोन वर्षं पुढे देतेय! सगळ्यांना हसवते, केक नेते, रोझारियो रडली की तिला जवळ घेते — आणि मोजा आला रे आला की लॉइडच्या मांडीवर!

पण या मुलीला सांगणार. परकी आहे, परत जाणार आहे. सगळं सांगणार. ते वाक्यसुद्धा.

बुधवार, १५ जानेवारी

नेटीला फोन केला. "तू आणि मुलाखत? बिचारी पोरगी!" सख्खी बहीण आहे म्हणून ऐकून घेतलं.

अहवालात खरं नाव घालत नाहीत म्हणे. खोटं नाव आपणच निवडायचं! एकसष्टाव्या वर्षी नवीन नाव! दिवसभर डोक्यात तेच. शेवटी ठरलं — व्हेरोनिका. व्हेरोनिका उंच असणार. तिचे गुडघे दुखत नसणार.

शनिवार, १८ जानेवारी

निळा ब्लाउज आणला. नेटी म्हणते, "फक्त आवाज रेकॉर्ड होणार ना गं?" असू दे! आवाजालाही कळतं आपण काय घातलंय ते.

मग तालीम. बोरिसला समोर बसवलं. कुत्रा आहे, पण ऐकतो छान. "तीन हिवाळ्यांपूर्वी, फेब्रुवारीत, पेट्रोल पंपाच्या दुकानात मी काउंटरवर होते. एक माणूस आला. चाकू काढला. मी गल्ला उघडून दिला. सिगारेटी दिल्या. तो दाराकडे वळला, तेव्हा मी त्याला म्हणाले —"

इथे अडते. इथेही लिहवत नाही.

कॅमेऱ्यात आवाजही होता. कुणीतरी ते चित्रण बाहेर सोडलं आणि अख्ख्या डॉफिन गावानं पाहिलं. पोट धरधरून हसले लोक. बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या हॉलमध्ये पोरं मला बघून तेच वाक्य ओरडायची. चाकूची भीती कधीच गेली. त्या हसण्याची नाही गेली. बावीस वर्षं काउंटर सांभाळला होता मी, आता मागच्या खोलीत खोकी लावते. दर हिवाळ्याच्या तोंडाला मालक, ड्वेन, विचारतो, "मार्लीन, येतेस का पुढे?" मी म्हणते, पाठ दुखते. पाठ ठणठणीत आहे माझी.

परत पहिल्यापासून. बोरिस झोपला.

बुधवार, २२ जानेवारी

उद्या! जेवण गेलं नाही. आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं. निघालं तोंडातून! हळू, पण निघालं!

गुरुवार, २३ जानेवारी

विचारलंच नाही!!

लायब्ररीतल्या छोट्या खोलीत बसलो. दीड तास. गट कसा वाटतो, कोण काय बोलतं, घरी गेल्यावर कसं वाटतं — मी धबाधबा बोलले. मजा आली, खोटं कशाला बोलू. मग तिनं विचारलं, "तुम्ही मोजा पहिल्यांदा घातलात तेव्हा कसं वाटलं?"

"नाही घातला कधी."

"मग तिथे का जाता?"

"तिथे मला कुणी हसत नाही."

ती लिहीत राहिली. म्हटलं, हीच वेळ. ताठ बसले. "तर तीन हिवाळ्यांपूर्वी —" तिनं पेन खाली ठेवलं. "मार्लीन, त्या प्रसंगाबद्दल आम्ही मुद्दाम विचारत नाही. तुम्हाला ते पुन्हा उगाळायला लागू नये म्हणून. नियमच आहे तसा."

अगं बाई, मला उगाळायचंय! पाच दिवस कुत्र्याला ऐकवतेय मी! पण ती इतक्या मायेनं म्हणाली की मी मान डोलावली आणि आभार मानले. वर आभार! गाडीत बसून काच बंद करून ओरडले. वाक्य घशाशी येऊन बसलंय. आता ते गिळताही येत नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

मोजा घातला!

रोझारियोनं नेहमीसारखा माझ्याकडे दिला, लॉइडनं सवयीनं हात पुढे केला — आणि मी माझा हात आत घातला. बेथचा कप ओठांशीच थांबला. मी सगळं सांगितलं. आणि मग ते, मोठ्यानं:

"चोर दाराशी पोचला, आणि मी त्याला म्हणाले, 'सावकाश जा हं, बाळा. रस्ता निसरडा आहे.'"

मी मोज्यावरच्या कोंबडीकडे बघत राहिले.

"आम्हाला ठाऊक होतं गं," लॉइड म्हणाला. "सगळ्या गावानं पाहिलंय. तू सांगशील तेव्हा सांगशील, म्हणून थांबलो होतो." मग त्यानं माझ्या हातातून मोजा ओढला. "मी माझ्या चोरांना जिन्याचा दिवा कुठे लागतो ते दाखवलं. म्हटलं, पडतील."

रोझारियोनं मोजा घेतला. "माझी पर्स हिसकावली, मला ढकललं. आणि सॉरी कोण म्हणालं? मी!"

लॉइड आधी हसत सुटला. मग मी. मग बेथसुद्धा, डोळे पुसत. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या वाक्यावर हसू आलं आणि लागलं नाही. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही. मी रडलेही, पण ते चांगलं रडणं होतं.

बुधवार, २९ जानेवारी

कर्स्टनला फोन. "व्हेरोनिका खोडा, मार्लीन लिहा!" ती हसली, पण नियम म्हणजे नियम. बरं, राहू दे व्हेरोनिका. तिलाही जरा मान मिळू दे.

मग ड्वेनला फोन. "पाठ बरी झाली." तो म्हणाला, "सोमवारी सहाला ये."

सोमवार, ३ फेब्रुवारी

काउंटर. बाहेर नुसती काच झालीय रस्त्याची. पहिलं गिऱ्हाईक ट्रकवाला स्टॅन, जुना. कॉफी घेतली, दाराकडे वळला. बावीस वर्षांच्या सवयीनं मी विचार करायच्या आतच म्हणाले, "सावकाश जा हं. रस्ता निसरडा आहे."

तो दारातच थांबला. टोपी काढली.

"तीन हिवाळे झाले, मार्लीन. हे कुणी म्हणतच नव्हतं."