सांगितलं ते सांगितलं

इंदिरानगर, नाशिक
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय मने,

सप्रेम जय भीम. आम्ही सगळे इकडे मजेत. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण विचारायची सोय नाही. तुझा फोन लावला की ती बाई सांगते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. इतक्या वेळा ऐकलंय की आता तीच माझी मैत्रीण झाल्यासारखी वाटते. शेवटी आईनं शाळेतून येताना पाकीट आणलं आणि म्हणाली, लिही पत्र, आमच्या वेळी जगत होतीच की माणसं. मुक्काम, पोस्ट, तालुका असं सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंय. हसू नकोस.

ग्राउंडवर तुझ्याशिवाय कंटाळा येतो. सोमनाथ सरांनी नवी शिट्टी आणली, ती वाजत नाही, नुसती फुसफुसते. सर फुंकून फुंकून लाल होतात आणि शेवटी हात हलवत आमच्या मागे पळतात. त्यामुळे त्यांचाच व्यायाम जास्त होतोय. तुझ्या हॉस्टेलच्या कुसाबाई भाजी घ्यायला आल्या होत्या तेव्हा भेटल्या. म्हणाल्या, मनाली गावी गेल्यापासून तिच्या वाटणीचं उरतं, ते मलाच संपवावं लागतं, माझं वजन वाढलं तर तिला सांगेन. दसऱ्याला विहारात वंदना झाली. पप्पा खीर वाटायला उभे होते. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर पहिलीच वाटी सांडली आणि मग दिवसभर ते दोन्ही हात छातीवर बांधून फिरत होते. लोकांना वाटलं, आज जयराम फारच गंभीर आहे.

आईनं बारावीच्या मुलींना त्रास द्यायचा नाही असं ठरवलंय, म्हणजे भांडी मी घासायची नाहीत. पण फरशी घासायची. हा फरक तिलाच कळतो.

तुझ्या लक्षात आलं असेल. सरांचं लिहिलं, आईचं, पप्पांचं, खिरीचंसुद्धा लिहिलं. सुयशदादाचं काही लिहिलं नाही. लिहिते. पण आधी त्या सकाळचं लिहू दे, कारण त्यातलं तुला अर्धंच माहीत असेल.

तू त्या दिवशी सुरुवातीपासून वेड्यासारखी पळत होतीस. सर खूश होते. मी नव्हते, कारण वॉर्म-अपच्या आधीच मी तुझा हात धरला होता आणि तो थरथरत होता. तू म्हणालीस, थंडी वाजते. सप्टेंबरात, घामानं भिजलेली असताना. मग पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर तू एकदम चालायला लागलीस आणि बसलीस. ओठ पांढरे झालेले. तुझ्या गळ्यावरची शीर उडताना मला लांबून दिसत होती. मी धावत आले तेव्हा तू हसायचा प्रयत्न करत होतीस, ते मला अजून नको वाटतं.

सरांच्या गाडीतून आपण दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी विचारलं, काही औषध घेतलंस का. तू नाही म्हणून मान हलवलीस आणि माझा हात इतका घट्ट दाबलास की नखं रुतली. सर म्हणाले, उपवास करत असेल, या पोरी काही खात नाहीत. मॅडम लिहायला लागल्या. तू झोपूनच होतीस आणि त्या मशीनवरचा तुझ्या नाडीचा आकडा मात्र शर्यत पळत होता.

मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आले. मॅडम बाहेर येताच त्यांना म्हटलं, "तिनं इंजेक्शन घेतलंय. धावायच्या आधी घेतात ते."

त्यांनी लगेच पेन बंद केलं. "कोणी दिलं?"

"माझ्या भावानं."

मने, हे तुला फोनवर सांगता आलं नसतं. तुला वाटत असेल सरांनी तुझी बॅग उचकली. कोणी उचकली नाही. मीच सांगितलं. त्या सकाळी दादानं तुझ्या हातात सुई ठेवताना मी पाहिलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बरं झालं, आता हिला काय द्यायचं नाही ते मला कळलं. उपवास समजून मी उपचार केले असते तर अवघड झालं असतं. मग त्यांनी मला बाकावर बसवून समजावलं. ते औषध ताकदीचं नाहीच. ऑपरेशनच्या टेबलावर एखाद्याचा रक्तदाब खाली जातो तेव्हा तो वर आणायला देतात, तेही डॉक्टर शेजारी उभे असताना. धडधाकट पोरीनं घेऊन उन्हात पळायचं म्हणजे हृदयाला चाबूक मारायचा. थकवा जात नाही, फक्त कळायचा बंद होतो. आणि थकवा कळला नाही की माणूस थांबत नाही. सतराव्या वर्षी कोणाचं हृदय थांबत नाही असं तुम्हाला वाटतं, म्हणाल्या, आम्ही पाहिलंय.

घरी येऊन मी आईपप्पांना सांगितलं. दादा समोरच होता. तो ओरडला, खुर्ची ढकलली, मला नाही नाही ते बोलला. पप्पा उठले. त्यांनी टीव्ही बंद केला, दादाच्या शेजारी बसले आणि त्याचा हात हातात घेतला. तो हातही थरथरत होता. तेव्हा आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. उन्हाळ्यापासून तो झोपत नव्हता, ताट सरकवून उठायचा, आईवर खेकसायचा. आम्ही म्हणायचो, पोलीस भरतीचं टेन्शन आहे. आई तर त्याच्यासाठी बदाम भिजवत होती.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी त्याला तपासायला नेलं. एकोणीस वर्षांच्या मुलाचा रक्तदाब आजोबांपेक्षा जास्त. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके अशक्त दिसले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, वय लहान आहे, औषधांनी भरून येईल, पण आता बरेच महिने धावणं नाही. या भरतीचं मैदान गेलं. ते ऐकून दादा रडला. मी त्याला इतका रडताना कधीच पाहिलं नव्हतं. तिथून पप्पा आणि तो सरळ पोलीस ठाण्यात गेले. जिममध्ये येऊन ते विकणाऱ्या माणसाचं नाव दादानंच सांगितलं. तो माणूस पकडला गेला. आपल्या ग्राउंडवरच्या आणखी काही मुलांना त्यांच्या घरच्यांनी तपासून आणलं.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. दादा दिवसभर झोपायचा, उठला की चिडायचा. आता तो दर आठवड्याला समुपदेशकांकडे जातो. भूक परत आलीय, आणि कशी आलीय ते येऊन बघ. आई भाकरी थापते, तो तव्याजवळच उभा राहून खातो. रात्री असा घोरतो की मी कापूस घालून झोपते, आणि आई म्हणते, घोरू दे गं, ऐकायला छान वाटतं.

माझ्याशी तो बोलत नव्हता. मीही बोलले नाही. परवा मी फरशी पुसत होते, तर ओल्या फरशीवर येऊन उभा राहिला. मी ओरडणार होते. तो म्हणाला, "मनाली कशी आहे?" मी म्हटलं, माहीत नाही, फोन लागत नाही. तो म्हणाला, मग लिही ना तिला.

म्हणून हे पत्र.

मी माफी मागणार नाही. तू सरांसमोर मान हलवलीस, दादाचं नाव वाचवलंस, आमच्या घरचं मीठ खाल्लं म्हणून वाचवलंस, हे मला कळतं. पण पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा सांगेन. तुला राग आला असेल तर राग लिहून पाठव, कोरं पाकीट नको.

बोलली नाहीस तरी तुझीच,
स्नेहा


ता. पेठ, जि. नाशिक
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्नेहा,

तुझं पत्र दिवाळीनंतर मिळालं, तेही भाताच्या खळ्यावर. पोस्टमनभाऊंनी लांबूनच हाक मारली, त्यामुळे सगळ्यांना कळलं. बाबा म्हणाले, नाशिकचं पत्र आहे, मोठ्यानं वाच, आम्ही पण ऐकू. मी वाचायला लागले. फोनमधल्या बाईवर सगळे हसले, शिट्टीवर तर माझे चुलते खाली बसून हसले. मग पुढं काय लिहिलंय ते पाहिलं आणि म्हटलं, हिचं अक्षर लय घाण आहे, नंतर वाचते. तुझ्या अक्षराची बदनामी झाली, त्याबद्दल मी माफी मागते.

फोन बिघडला नाही. मीच बंद करून भाताच्या कणगीत ठेवला होता.

तूच सांगितलंस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. दाराला काच होती. तू बाकावर बसलेली, मॅडम वाकून बोलत होत्या आणि तू ओढणीनं नाक पुसत होतीस. मला राग आला नाही, भीती वाटली. वाटलं, आता माझ्यामुळं तुमचं घर मोडलं. काकू मला जेवायला वाढायच्या आणि मी त्यांच्या मुलाला पोलिसात घालवलं. मग फोन कोणत्या तोंडानं करू?

आता एवढं काकाकाकूंना वाचून दाखव. दादानं मला दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा मीच त्याला म्हणाले, स्वतः घेतोस आणि मला शहाणपण शिकवतोस. तेव्हा त्यानं दिलं. हे तुझ्या पत्रात नाही, म्हणजे त्यानं घरी सांगितलं नसणार. त्याची चूक आहेच, पण सगळी त्याच्या एकट्याच्या अंगावर नको.

मी का मागितलं, ते पण लिहिते. बाबांनी गावभर सांगून ठेवलंय की मनाली पळण्यावर नोकरीला लागणार. आणि माझा वेळ पावसाळ्यापासून जागचा हलत नव्हता. पहिल्यांदा घेतलं तेव्हा वाटलं, मी उडते. दुसऱ्यांदा रात्रभर छाती वाजत राहिली. तेव्हाच थांबायला हवं होतं. मला वाटलं, सगळ्यांचं असंच होतं.

इथं आल्यावर आईला फक्त चक्कर आली एवढंच माहीत होतं. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही दोघी नागलीची कणसं खुडत होतो, तेव्हा तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, मारेल. तिनं हातातलं कणीस टोपलीत टाकलं. मग म्हणाली, "तुझे पाय माझ्यावर गेलेत. त्यांना काय कमी हाय म्हणून बाहेरून घातलं?" आणि पदर तोंडाला लावून रडली. मग बाबांना तिनंच सांगितलं. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी मला पेठला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत एवढंच म्हणाले, नोकरी नाय लागली तर नाय लागली.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली. ठोके ठीक आहेत. ते म्हणाले, तू थोड्याच वेळा घेतलंस म्हणून निभावलं, पण निभावलं याचा अर्थ काही झालं नाही असा नाही. आणखी आठवडाभर नुसतं चालायचं, मग हळूहळू. परत तपासायला ये, असंही म्हणाले. कधीकधी रात्री छाती धडधडली असं वाटून जाग येते. मग मी आईच्या अंगावर हात टाकते. तेही त्यांना सांगितलं, ते म्हणाले, जाईल.

काल परत तपासून त्यांनी परवानगी दिली. आज सकाळी शाळेच्या मैदानावर गेले. तिथं दोन बैल चरत होते आणि बाकी कोणी नाही. घड्याळ नव्हतं, शिट्टी नव्हती. धावले. खरं सांगू, लाजिरवाणं धावले. अर्ध्या फेरीतच पोटऱ्या दुखल्या, धाप लागली, तोंड सुकलं. मी थांबले आणि गवतात बसले. थोड्या वेळानं धाप आपोआप कमी झाली. स्नेहा, मी तिथं बसून हसत होते. दमले हे मला कळलं होतं.

पुढच्या सोमवारच्या एसटीनं येते. कॉलेज बुडालंय, ते भरून काढायला तुझ्या वह्या लागतील. सरांना मी स्वतः सांगणार आहे, तू मध्ये बोलू नकोस. आणि दादाला सांग, मी त्याच्याशी भांडायला येणार आहे, चांगलं तासभर. त्यानंतर आम्ही दोघं हळूहळू चालायला जाऊ, त्यालाही तेवढंच जमणार.

तुझा राग आलाच नव्हता, हे पाकिटात घालून पाठवते.

तू सांगितलंस म्हणून पत्र लिहायला उरलेली,
मनाली