आईची नोव्हेंबरची यादी

८ ऑक्टोबर

काल आईला पुरलं. महाडच्या दफनभूमीत, बाबांशेजारी. दुसरी जागा नव्हतीच. अख्ख्या पोलादपुरात ख्रिस्ती घर एकच, ते आमचं.

फादरांनी चाळीस माणसं धरून प्रार्थनेचे कागद आणले होते. एमआयडीसीतली केरळी कुटुंबं, दोन गोव्याची, आम्ही. आणि मग कापडे गावाहून दोन टेम्पो भरून बायका उतरल्या! झेंडू, नारळ, कुणाच्या ओच्यात तांदूळ. एकीने मला बाजूला घेतलं. "बाय, तुमच्यात अगरबत्ती चालते काय?" चालते म्हटलं. मग क्रुसापाशी इतका धूर झाला की माझी श्रुतिका खोकायला लागली. आजीला हे बघून हसू आलं असतं, म्हणाली. दहा वर्षांची आहे, पण आजीला माझ्यापेक्षा जास्त ओळखायची.

आई या सगळ्यांची नर्सबाई. वसईहून रेजिना म्हणून आली, इथे रजनीबाई झाली. तीस वर्षं तालुक्यातली बाळंतपणं केली. हे मला माहीत होतं. पण दोन टेम्पो?

११ ऑक्टोबर

आईची पोलादपूरची खोली आवरायला घेतली. आवरायला आहे काय! सहा साड्या, प्रार्थनेची पुस्तकं, मेणबत्त्यांची थोटकं भरलेला बिस्किटांचा डबा, सात जपमाळा. ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. गेली तेव्हाही माळ हातातच होती. शेजारच्या मंजुळाकाकींनी पहिल्यांदा पाहिलं. "बोटं सोडवाया लागली गो," म्हणाल्या.

आईला किलोमीटर कळायचे नाहीत. अंतर जपमाळांत मोजायची. कापडे — पाच जपमाळा. "आणि वरची वाडी?" "सहा. पण चढ आहे, धाप लागते, साडेपाचच होतात." खांद्याला बाळंतपणाची पेटी, डोक्यावर इरलं, आणि ओठ हलतायत. रविवारी सात वाजताच्या एसटीने महाडच्या चर्चला, मिस्सेला. ताप असो, दरड पडलेली असो. एसटीतसुद्धा ओठ हलायचे आणि मला पोरींसमोर लाज वाटायची.

मी विज्ञान शिकवते. देवाशी माझं बारा वर्षांपूर्वी फिस्कटलं. आईशीही तेव्हाच. पण आईशी वरवर सांधून घेतलं.

१४ ऑक्टोबर

फादरांचा फोन. दोन नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस. लोक आपापल्या गेलेल्यांची नावं देतात, चर्चमध्ये वाचली जातात. "तुमची आई आपली यादी स्वतः वाचायची. आमच्याकडे कधी दिली नाही. सगळ्यांच्यात मोठी यादी! यंदा ती तुम्ही वाचाल का?"

कसली यादी? विचारलं. त्यांनाही ठाऊक नाही, दोनच वर्षं झाली त्यांना येऊन. "नावंच नावं. मग शेवटी जरा वेळ नुसत्या उभ्या राहायच्या आणि बसायच्या. वय झालं होतं, दम लागत असेल."

बघते म्हटलं. चर्चची पायरी मी लोकांच्या लग्नालासुद्धा टाळते.

१६ ऑक्टोबर

वही सापडली. मेणबत्त्यांच्या डब्यात, तळाशी. आईचं गोल गोल अक्षर. क्रमांक, तारीख (कुठे जन्माची नि जाण्याची अशा दोन), गाव, मुलगा की मुलगी, नाव. मोरू. ठकूबाई. श्रीपत. हैबती. रामजी. आडनाव कुणालाच नाही. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीच्या बारीक रेघा. पहिली नोंद १९७९, चाळीसावी २००८. पान संपलं.

चाळीस बाळं. सगळी वाड्यावस्त्यांवरची, आणि सगळी गेलेली. तारखांवरून कळतंय, जन्मली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या.

बाळ जात असेल तर कुणीही ख्रिस्ती माणूस कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतो. आईनेच मला शिकवलेलं. लोकांच्या बाळांना हिने गुपचूप...? त्यांच्या आयांना न विचारता? असली वही आज कुणाच्या हाती लागली तर आईच्या तीस वर्षांवर माती पडेल. दोन टेम्पो भरून आलेल्या त्या बायकांना काय वाटेल?

वही पेटवून टाकावी, असं मनात आलं. काडेपेटी हातातही घेतली.

१७ ऑक्टोबर

शाळेत लक्ष नाही. हे कुठेतरी लिहून टाकायलाच हवं.

२०१३. माझी पहिली मुलगी अकरा तास जगली. आई सोबत होती. बाळ गेलं, तिने पुसलं, दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. डोळ्यांत टिपूस नाही. आणि मला विचारते, "नाव काय ठेवणार होतीस गं?"

मला वाटलं, बाप्तिस्म्यासाठी! माझं बाळ गेलंय आणि हिला हिच्या चर्चचं पडलंय. "तुझ्या देवाकडे नाव सांगितल्याशिवाय घेत नाहीत का?" असं म्हणाले मी तिला. म्हणाले, निघ इथून. गेली बिचारी. पुन्हा कधी तो विषय नाही, आणि मला चर्चला ये म्हणूनही कधी म्हणाली नाही.

नाव होतं माझ्याकडे. सुशांतलाही सांगितलं नव्हतं. थेट बारशालाच सांगणार होते नवऱ्याला. मग कुणालाच सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. सासूबाईंनी आकाशकंदील लावू दिला नाही. "विहीणबाईंचा महिना झाला नाही अजून," म्हणाल्या. मी खोलीत जाऊन दार लावून रडले.

२५ ऑक्टोबर

कापड्याला जाऊन आले. जाळायची तर खरं काय ते कळल्यावर जाळू, असं ठरवलं. वहीतला हैबती तिथलाच, १९८८ सालचा. अगरबत्तीचं विचारणारी ती बाई, सुंदराबाई, त्याची आई निघाली! सगळं घर भात कापायला गेलेलं, ती एकटी ओटीवर पाय पसरून बसलेली.

कसं विचारायचं? शेवटी सरळच विचारलं. आईने बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं होतं का?

"पानी? कसला पानी गो?" तिला प्रश्नच कळेना. मग सांगायला लागली ते थांबेचना. "पोर रातीच गेला. घरातली बोलत व्हती, न्या लवकर, पुरून टाका, बारसा झाला नाय, नाव नाय, त्याचा काय रडायचा? कुनी माज्याकडं बघंना. तुजी आय तेवढी बसली. पोराला पुसलान, माज्या मांडीवर ठेवलान. नि मला इचारलान, सुंदरे, नाव काय ठेवनार व्हतीस गो?"

मी ओटीचा खांब धरला.

"हैबती, बोलले. आज्याचा नाव. तवा मला रडू फुटला. तवर दगड झालेला माजा."

आणि नाव तूच ठेवलंस? आईने नाही सुचवलं?

"ती कशी ठेवील? आयनंच ठेवायचा असतो. एकीनं चार वर्सं सांगितला नव्हता, तर चार वर्सं थांबली ही. दर साली भातकापनीला यायची नि सांगायची, हैबतीचा नाव घेतला गो चर्चात. तुमचा देव येगळा, म्हाईत हाय मला. पन माज्या पोराचा नाव तिच्याबिगर दुसऱ्या कुनी घेतला नाय कवा."

निघताना तिने नवे पोहे बांधून दिले. मग जरा घुटमळली. "आता कोन घेनार?"

मी घेते, म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

२६ ऑक्टोबर

आईचा देव मला कळत नाही. आई तरी कुठे कळली होती? पाच जपमाळा चालत जायची, आणि नाव विचारायची.

३० ऑक्टोबर

फादरांना कळवलं, यादी मी वाचणार. सुशांत शिफ्ट बदलून येतोय. श्रुतिकाने माझी उजळणी घेतली. ठकूबाई म्हणताना मी घाई करते म्हणे. आजी सावकाश वाचायची. पण तुला काय ठाऊक, विचारलं, तर म्हणते मी दर वर्षी जायचे की तिच्याबरोबर! आजीला भेटायला चालले म्हणून सांगून जायची लबाड.

१ नोव्हेंबर

यादी मोठ्या अक्षरात उतरवून काढत होते. चाळीसावं नाव लिहिलं आणि पान जाड लागलं. मागचं पान मेणाने चिकटलं होतं. नखाने सोडवलं.

४१. १९ जून २०१३. महाड. मुलगी.

पुढे कोरं. आणि कोऱ्या जागेपुढे पेन्सिलीच्या बारा रेघा, बारा वर्षांच्या.

म्हणजे तिला दम लागत नव्हता. ती शेवटी माझ्या मुलीसाठी उभी राहायची. नाव ठाऊक नाही म्हणून गप्प उभी राहायची. आणि मी सांगेन म्हणून थांबली होती. बारा वर्षं! मी तुला हाकललं होतं, आई.

२ नोव्हेंबर

चाळीस नावं सावकाश वाचली. मग म्हणाले, "जुई."

सुशांतने मान वर केली. लेकीचं नाव त्याने आज पहिल्यांदा ऐकलं.